सुटकेसमध्ये मावतात का?

'स्कॅम १९९२' ही सिरीज २०२० मध्ये आली तेव्हा आम्ही शाळेत होतो, पण होस्टेलवर तिची पारायणं अजून चालू आहेत. (पारायण हा शब्द रूममेटचा, माझ्या कॉन्व्हेंटच्या मराठीत तो नव्हता.) आणि दर वेळी वाद एकच : सुटकेस!

१६ जून १९९३ ला हर्षद मेहताने वकील राम जेठमलानींना शेजारी बसवून मुंबईत पत्रकार परिषद घेतली. पंतप्रधान नरसिंह रावांना आपण एक कोटी दिले, त्यातले ६७ लाख ४ नोव्हेंबर १९९१ ला सुटकेसमधून नेले, असं त्याने सांगितलं. मग काय, एवढे पैसे सुटकेसमध्ये मावतात का, यावर अख्खा देश भांडला. आम्हीही हिशोब केला. शंभराच्या नोटा असतील तर ६७० बंडलं, पाचशेच्या असतील तर फक्त १३४. म्हणजे मावतील हो! पण मावतात म्हणजे नेले, असं कुठल्या गणितात बसतं? रावांनी आरोप फेटाळला, आणि कोर्टात तो कधीच सिद्ध झाला नाही.

आता खरी गोष्ट, जिच्यावर कोणी भांडत नाही. आमच्या होस्टेलवर निम्मी पोरं जुन्नर-आंबेगावची, त्यांना पटकन कळेल. मंचरला कोल्ड स्टोरेजमध्ये बटाटा ठेवला की पावती मिळते. पावती आहे म्हणजे आत बटाटा आहे, हा भरवसा. बँकाही एकमेकींना सरकारी रोखे विकताना अशीच पावती द्यायच्या, तिला बँक रिसीट म्हणत. मधला दलाल हर्षद. त्याला आत बटाटाच नसलेल्या पावत्या मिळाल्या, त्यावर दुसऱ्या बँकांचे पैसे त्याच्या खात्यात आले आणि तिथून शेअर बाजारात गेले. एसीसीचा शेअर २०० वरून ९००० च्या आसपास पोचला तो अशा पैशावर. एप्रिल १९९२ मध्ये सुचेता दलाल यांनी बातमी फोडली. जानकीरामन समितीने घोटाळ्याचा आकडा चार हजार कोटींच्या वर काढला.

या पावत्या देणाऱ्या बँकांपैकी एक आपल्याच महाराष्ट्रातली, बँक ऑफ कराड! त्या बँकेवर सिरीजमध्ये मिनिटं किती, नि सुटकेसवर किती?

हर्षदचे फॅन म्हणतात, त्याला बळीचा बकरा केला. त्यात थोडं तथ्य आहे, मोठमोठ्या बँका याच खेळात होत्या. पण म्हणून तो बिचारा होत नाही. मारुती उद्योगाच्या पैशांच्या केसमध्ये १९९९ ला विशेष कोर्टाने त्याला ५ वर्षांची शिक्षा दिली. पण 'पंतप्रधानांनी पैसे घेतले' म्हटलं की फसवणारा दलाल एकदम पंतप्रधानांच्या बरोबरीचा माणूस होतो, आणि पावत्यांचं कोणी विचारत नाही. मला तर वाटतं, एक कोटीत त्याने हाच सौदा सगळ्यात स्वस्त केला, मग ते पैसे दिलेले असोत वा नसोत.

३१ डिसेंबर २००१ ला तो कोठडीत असतानाच गेला. बँक ऑफ कराड १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियात विलीन झाली. रूमवर विचारून बघा, कितीजणांना माहीत आहे ते.