कागदावरचे रान आणि उसातले रान

इंग्रजी वाचणाऱ्या आमच्या मध्यमवर्गीय घरांतील दहा-बारा वर्षांच्या कित्येक मुलांस आज एका रानाचा नकाशा तोंडपाठ असतो. हे रान पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नाही. 'एरिन हंटर' ह्या एकाच नावाखाली अनेक हातांनी लिहिलेल्या 'वॉरिअर्स' नावाच्या इंग्रजी कादंबरीमालेत ते आहे. तिचा पहिला भाग २००३ साली निघाला. ह्या रानात रानमांजरांची चार कुळे नांदतात. त्यांपैकी थंडरक्लॅनचा, म्हणजे मेघगर्जनेच्या कुळाचा, तळ एका घळीच्या बुडाशी आहे. काटेरी झुडपांतील बोगद्यातून आत शिरले की समोर उंच खडक लागतो. त्यावर उभी राहून कुळाची प्रमुख सर्वांस हाक घालते. नेच्यांच्या आड वैदूची जागा, काटेरी जाळीत पिल्लांची व त्यांच्या आयांची जागा, वृद्धांचा निवारा निराळा. कुळाच्या हद्दीवर वासाच्या खुणा केलेल्या असतात. शेजाऱ्याने ती ओलांडली की कलह पेटतो, आणि पौर्णिमेच्या रात्री चार महावृक्षांखाली सर्वांनी तह पाळावयाचा असतो. पुढच्या मालेत माणसे रस्ता बांधण्यासाठी हे रान तोडतात आणि चारही कुळे देशोधडीस लागतात. तो भाग वाचताना मुलांच्या डोळ्यांस पाणी येते.

ह्या वाचनाविषयी आमच्या सुशिक्षित वर्गात दोन मते ऐकू येतात. पहिले मत असे की, हे सारे परकीय खूळ आहे. मांजरांच्या लढायांत वेळ दवडण्यापेक्षा मुलांनी काही उपयुक्त वाचावे. दुसरे मत असे की, मूल वाचते आहे ना, मग काय वाचते ह्याची चौकशी कशाला? आम्हांस ही दोन्ही मते सारखीच आळशी वाटतात. पहिल्यास मुलाच्या मनात काय जागे झाले आहे हे पाहावयाचे नाही. दुसऱ्यास त्या जाग्या झालेल्या मनाला पुढची वाट दाखवावयाची नाही. जनावरालाही हद्द असते, घर असते, आणि ते मोडले तर त्याच्यावर अन्याय होतो, ही जाणीव त्या पुस्तकाने मुलास दिली. ती मोलाची आहे. प्रश्न इतकाच की, पुस्तक मिटल्यावर त्या जाणिवेचे आम्ही वडील मंडळी काय करतो?

ह्याचे उत्तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मिळते. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात म्हसावद नावाचे गाव आहे. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेस तापीखोऱ्याची काळी जमीन. ऊस, केळी, पपई आणि कापूस ह्यांचा हा मुलूख. शहाद्याहून राणीपूरमार्गे तोरणमाळास चढणारी वाट म्हसावदवरूनच जाते. डोंगर आणि शेत ह्यांच्या सांध्यावरच्या अशा कोणत्याही गावी बिबट्या दिसला, की आमच्या वर्तमानपत्रांचे तीन शब्द ठरलेले असतात: बिबट्या 'घुसला', त्याने 'धुमाकूळ घातला', आणि शेवटी तो 'जेरबंद झाला'. ज्या मुलाने काल कागदी मांजरांच्या हद्दीसाठी आसवे गाळली, त्याच्याच देखत आम्ही ही बातमी मोठ्याने वाचतो आणि 'बरे झाले, पकडला एकदाचा' असे म्हणून पान उलटतो. आमचा वाद आहे तो ह्या पान उलटण्याशी.

'घुसला' हे क्रियापद वापरण्यापूर्वी हद्द कोणाची होती, हे पाहावयास नको काय? जेम्स आउटराम ह्याने १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. त्याच्या तेथील दहा वर्षांत त्याने व त्याच्या सोबत्यांनी २०० हून अधिक वाघ मारल्याची नोंद आहे. ज्या मुलखात एका अधिकाऱ्याच्या मंडळीस एका दशकात इतके वाघ सापडावेत, तो मुलूख तेव्हा कोणाच्या वहिवाटीत होता, हे सांगण्यास मोजणीदार नको. रानपिंगळ्याची कथा तर ह्याच तालुक्याची. १८८० च्या दशकात डेव्हिडसन ह्या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात ह्या लहानशा घुबडाचे नमुने गोळा केले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे तो पक्षी कोणा शास्त्रज्ञास जिवंत दिसला नाही. तो नामशेष झाला असे जवळजवळ सर्वांनी धरून चालले. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांस तो पुन्हा दिसला, तो शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी. शतकभर तो आपल्या जागी होता. आमची नजर तेथे नव्हती.

रान मोडले जाणे हेही ह्या जिल्ह्यास केवळ कादंबरीतून ठाऊक झालेले नाही. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. ती नर्मदाकाठची गावे आज नंदुरबार जिल्ह्यातच मोडतात. तेथून उठवलेल्या आदिवासी कुटुंबांना वसवण्यासाठी १९९० नंतर तळोद्याच्या जंगलातील सुमारे ४,२०० हेक्टर जमीन मोकळी करण्यात आली. म्हणजे एका रानातील माणसे उठवली, ती दुसऱ्या रानात बसवली, आणि त्या दुसऱ्या रानातील श्वापदांनी कोठे जावे हा प्रश्न कोणत्याही कागदावर आला नाही. ह्यात त्या विस्थापितांचा तिळमात्र दोष नाही. त्यांची आणि श्वापदांची घरे एकाच हिशेबाने गेली. कादंबरीतील कुळांच्या देशोधडीवर ज्यांची मुले रडतात, त्या घरांत मणिबेलीचे नाव किती जणांस ठाऊक आहे?

आता उसाकडे वळू. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा राहतो. त्याला पाणी मिळते, दाट सावली असते, कुत्री-डुकरे जवळ असतात. बिबट्याच्या मादीस वीण घालण्यास ह्याहून बरी जाळी कोणती? तोडणीच्या वेळी सरीत पिल्ले सापडतात ती ह्यामुळे. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जेथे दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहतात अशा शेतीच्या मुलखात त्यांना १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे आढळले. शिवाय बाऊल, म्हणजे रानमांजर, आणि वाघाटी हेही तेथेच. ही वाघाटी म्हणजे जगातील सर्वांत लहान रानटी मांजर. तिच्या अंगावर गंजाच्या रंगाचे ठिपके असतात. 'वॉरिअर्स'च्या नायकाचे पाळीव असतानाचे नाव 'रस्टी', म्हणजे गंजाच्या रंगाचा. ते आमच्या मुलांस ठाऊक असते. वाघाटी हा शब्द त्यांनी ऐकलेला नसतो.

कोणी म्हणेल, 'हे सारे ठीक. पण पिंजरा लावून त्यास दूर जंगलात सोडले तर काय बिघडले?' बिघडले ते जुन्नरने पाहिले आहे. २००१ पासून त्या भागात बिबटे पकडून लांबच्या रानांत सोडण्याचा सपाटा लागला. त्यापूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. त्यानंतर ते १७ वर गेले, आणि जेथे हे बिबटे सोडले त्या जंगलांभोवतीही हल्ले होऊ लागले. हे आकडे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातील आहेत. कारण साधे आहे. बिबट्या हा हद्द राखणारा, एकांडा प्राणी. अनोळखी मुलखात टाकले की तो घराकडे निघतो आणि वाटेत अनोळखी गावांशी त्याची गाठ पडते. त्याची रिकामी झालेली जागा दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी बिबट्या घेतो. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या 'आजोबा' नावाच्या बिबट्यास गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. तो महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाजवळ पोहोचला. वाटेत त्याने कोणा माणसास इजा केली नाही. २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्यावर २०१४ साली मराठी चित्रपट निघाला. कादंबरीतील मांजरे ज्या रस्त्यास भितात, तो रस्ता आमच्याकडे काल्पनिक नाही.

ह्यावर सर्वांत सबळ आक्षेप उरतो, आणि तो आम्ही टाळणार नाही. बिबट्याच्या हल्ल्यात माणसे मरतात, आणि बहुधा लहान मुलेच. ती शहरातील निसर्गप्रेमी माणसांची नसतात. ती ऊसतोडणीवाल्यांची, सालदारांची, झोपडीत निजणाऱ्यांची असतात. ह्या मरणाकडे डोळेझाक करून श्वापदांचे कौतुक करणे म्हणजे दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर आपली करुणा मिरवणे होय. परंतु पिंजऱ्याने हे मरण टळत नाही, उलट वाढू शकते, हे जुन्नरने दाखविले आहे. ते कमी व्हावयाचे तर रात्रीऐवजी दिवसा शेतीस वीज मिळाली पाहिजे, तोडणीवाल्यांस दाराचे घर आणि घराशी शौचकूप मिळाले पाहिजे, वस्तीवर दिवा पाहिजे, बंदिस्त गोठा पाहिजे, आणि भरपाई वेळेवर पाहिजे. ह्यांतील प्रत्येक गोष्टीस पैसा आणि चिकाटी लागते. पिंजऱ्यास एक छायाचित्रकार पुरतो. म्हणूनच पिंजरा लोकप्रिय आहे.

आणि हे शहाणपण परदेशातून आणण्याची गरज नव्हती. सह्याद्रीपासून सातपुड्यापर्यंतचे आदिवासी वाघदेव पूजत आले आहेत. आम्ही त्यास भोळी समजूत म्हटले. वस्तुतः शेजाऱ्याची हद्द मान्य करण्याची ती एक रीत होती: तू आहेस हे आम्हांस ठाऊक आहे, तू तुझ्या वाटेने जा, आम्ही आमच्या.

मराठी वाङ्मयही येथे दरिद्री नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळ्यांचा हद्दीचा आणि सत्तेचा झगडा आहे. त्या पुस्तकास १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मारुती चितमपल्लींनी वनखात्यातील नोकरीत रानाचे शब्द गोळा करण्यात आयुष्य वेचले. २०२५ साली ते निवर्तले. त्यांचे ग्रंथ आमच्या कपाटांत आहेत. मुलांच्या हातांत ते पडत नाहीत. मग मुलाने इंग्रजी रानात घर केले तर दोष कोणाचा? त्या रानास प्रत्येक घळीचे, खडकाचे, ओढ्याचे नाव आहे. आमच्या रानास आम्ही एकच नाव ठेवले आहे: 'जंगल'. आणि ज्या भूमीस नावे उरत नाहीत, तिच्यावर कोणाचा हक्क होता हे विसरणे सोपे जाते.

तेव्हा आमचे वाचकांस सांगणे थोडके आहे. मुलाच्या हातातून ते पुस्तक काढून घेऊ नका. त्याच्या शेजारी नंदुरबार जिल्ह्याचा नकाशा ठेवा. म्हसावद, राणीपूर, तोरणमाळ, तळोदे ही नावे त्यावर शोधू द्या. बाऊल आणि वाघाटी हे शब्द शिकवा. आणि वर्तमानपत्रात 'बिबट्या घुसला' असे छापून आले, तर संपादकास एक पत्र लिहा आणि विचारा की, कोणाच्या हद्दीत? हा प्रश्न पुरेशा घरांतून विचारला गेला, तर पिंजऱ्याची मागणी करणाऱ्यांस आणि दिवसाची वीज नाकारणाऱ्यांस उत्तर देणे भाग पडेल. कल्पित कुळावरची माया खऱ्या शिवारापर्यंत पोहोचविणे हे पालकांचे काम आहे. कादंबरीकार ते करून देणार नाही.