जयजयकार झाला, आता चुना कालवा

जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी जागतिक वारसा यादीत गेले आणि आपण फटाके वाजवून मोकळे झालो. पण समुद्र यादी वाचत नाही. लाट आधी दगड फोडत नाही, सांध्यातला चुना खाते. मग आतली भर वाहून जाते, पोकळी होते आणि एखाद्या पावसाळ्यात तट बसतो. विजयदुर्गाच्या तटबंदीचा भाग २०२० च्या पावसाळ्यात ढासळलाच.

शिवरायांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर घातलेला पाया साडेतीनशे वर्षे लाटा झेलतो आहे. समोरच्या राजकोटावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला पुतळा नऊ महिनेही टिकला नाही. त्याजागी आणखी उंच पुतळा झटपट उभा राहिला. ही घाई तटासाठी का नाही? कारण चुन्याच्या सांध्यावर कोनशिला बसत नाही.

आपण सीमावासीयांनीही नाके मुरडू नयेत. २०२३ मध्ये आपल्याच राजहंसगडावर एका पुतळ्याचे अनावरण दोनदा झाले!

मागणी एकच करू या: दर पावसाळ्यानंतर प्रत्येक जलदुर्गाच्या तटाची पाहणी व्हावी, अहवाल जाहीर व्हावा, आणि पुढच्या पावसाळ्याआधी सांधे भरले जावेत. महाराजांना हारापेक्षा हे अधिक रुचेल.