झूल आणि दात

आदिलाबाद जिल्ह्यात बेला गावाकडे आमची थोडी शेती आहे. पावसाळ्यात तिथल्या काळ्या मातीत साधी मोटार रुतते, म्हणून जुनी जीप घेण्याचे ठरविले. पैनगंगेपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, एक स्वस्तात मिळत होती. रंग झकास, पण वाकून पाहतो तो चेसिस गंजाने पोखरलेली! परत आलो.

माझे मत असे की, गाठीचे सगळे पैसे किमतीत घालू नयेत. तिसरा हिस्सा टायर-क्लचसाठी राखावा. चारही चाकांना जोर देणारा गिअर चिखलातच पारखावा. परराज्यातील गाडीला ना-हरकत दाखला आणि तेलंगणाचा करही लागतो. तोही किमतीतच धरावा. आमचे आजोबा बैलाचे दात पाहत, झुलीला भुलत नसत. आपण रंगाला का भुलावे?