हातांचा घसारा



उत्पादनखर्चाचा हिशेब आता आपल्याला तोंडपाठ झाला आहे. बियाणे, खत, फवारणी, मजुरी, बैलजोडीचे दिवस आणि औजारांचा घसारा. कृषी मूल्य आयोगसुद्धा औजारांचा घसारा खर्चात धरतो. पण ज्या हातांनी निंदण केले, ज्वारी सोंगली, कापूस वेचला, त्या हातांचा घसारा कोणत्याच रकान्यात नाही.

पन्नाशी ओलांडलेल्या बायांचे हात पाहा. नखाजवळच्या सांध्यावर कडक गाठी, मधले सांधे जाड, अंगठ्याच्या मुळाशी कळ. लुगडे पिळवत नाही, भाकरी थापवत नाही. विचारले तर उत्तर एकच : ‘वय झालं, वात आहे.’ मग बाजारातली पुडी किंवा सुई यांवर भागवले जाते. आमचे म्हणणे असे की, हा दैवाचा भोग नाही. याला नाव आहे, आणि उपायही आहेत.

याचे नाव सांधेझीज. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजते, कडेला हाड वाढते आणि गाठ दिसते. केवळ कामामुळेच हे होते असे नाही. घराण्यातून येते, वयाने येते, पाळी थांबल्यावर बायांत वाढते. पण कामाचाही त्यात वाटा आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात लोकरीच्या गिरणीतील कामगार बायांच्या हातांची तपासणी १९७८ साली प्रसिद्ध झाली. ज्यांचे काम बोटांच्या चिमटीचे होते त्यांच्या बोटांचे सांधे अधिक बिघडलेले आढळले. बोंडातून कापूस ओढणे हेही चिमटीचेच काम, हे वेचणाऱ्यांना सांगायला नको.

आधी दुखणे ओळखा. सकाळी हात अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेले राहतात, बोटांच्या मुळाशी किंवा मनगटाला दोन्ही बाजूंनी मऊ सूज असते, ताप किंवा थकवा असतो, तर ती सांधेझीज नसून आमवात असू शकतो. त्याची औषधे वेगळी आहेत, आणि लवकर सुरू केली तर सांधे वाचतात. तेथे दिवस घालवू नका. २००६ च्या साथीत चिकुनगुनियानेही अनेकांचे सांधे धरले होते; तापानंतर सुरू झालेले दुखणे डॉक्टरला तसे सांगा.

सांधेझिजीचा उपचार स्वस्तापासून सुरू होतो. सकाळी दहा मिनिटे सोसवेल इतक्या कोमट पाण्यात हात ठेवावेत. मग मूठ हळू मिटावी, उघडावी. अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावावा. दहा-दहा वेळा, रोज. विळ्याच्या आणि खुरप्याच्या मुठीला चिंधी किंवा सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड करावी. बारीक मूठ घट्ट धरावी लागते आणि सगळा जोर सांध्यावर येतो. विळ्याला धार असावी. पऱ्हाटी हाताने न उपटता चिमटा वापरावा. बादली, पिशवी बोटांत न अडकवता दोन्ही हातांनी उचलावी.

अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर त्याला आधार देणारी पट्टी मिळते. फ्रान्समध्ये ११२ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रात्री अशी पट्टी बांधणाऱ्यांचे दुखणे वर्षअखेर कमी झालेले आढळले. चार दिवस बांधून ‘गुण नाही’ म्हणू नये. किमान तीन महिने धीर धरावा.

औषधांत पहिला मान वरून लावायच्या मलमाला, म्हणजे डायक्लोफेनॅकच्या जेलला. ते पोटात फारसे जात नाही. मात्र बोंडाच्या टोकांनी बोचलेल्या, चिरलेल्या कातडीवर लावू नये. भाकरी झाल्यावर लावावे, तासभर हात धुऊ नयेत आणि जेवणाआधी मात्र धुवावेत. दुखण्याच्या गोळ्या थोडे दिवस, जेवणानंतर आणि डॉक्टरला विचारूनच. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल त्याला त्या महागात पडतात. उन्हात पाण्यावाचून राबून वर रोज गोळी घेणे म्हणजे मूत्रपिंडाशी खेळ.

आता पुडीविषयी. एका दिवसात हात मोकळा करणाऱ्या निनावी पुडीत बहुधा स्टेरॉइड असते. नेदरलँड्समधील २०१९ च्या चाचणीत सूज असलेल्या बोटांना सहा आठवडे प्रेडनिसोलोन दिल्यावर आराम पडला, पण औषध थांबताच तो फायदा ओसरला. तेथे मात्रा मोजलेली होती, डॉक्टरची देखरेख होती. पुडीत किती आहे हे कोणालाच ठाऊक नसते. महिनोन्‌महिने खाल्ली तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि एकदम सोडली तर जिवावर बेतते. अशी पुडी चालू असेल तर ती घेऊनच सरकारी दवाखान्यात जा आणि तेथे विचारून सोडा.

झिजलेली कूर्चा पुन्हा उगवणारे औषध आजतरी नाही. तसे सांगून जो पैसे मागेल त्याला दारातूनच परत पाठवा. पण हेही ध्यानात ठेवा की गाठी राहिल्या तरी बोटांचे ठणकणे अनेकांत काही वर्षांनी आपोआप उतरते. सगळे करूनही अंगठा चालेनासा झाला तर शस्त्रक्रिया आहे. अंगठ्याच्या मुळाचे लहान हाड काढतात, बोटाच्या टोकाचा सांधा जखडून टाकतात. वाकणे जाते, दुखणे थांबते. हात पुरता कामाला लागायला काही महिने लागतात, म्हणून घरातल्या कामांची वाटणी आधी ठरवूनच तारीख घ्यावी.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्याचा निर्णय झाला. तो कागदावर राहू नये. जिल्हा बैठकीत आम्ही तीन मागण्या मांडणार आहोत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हे जेल बारमाही असावे. जिल्हा रुग्णालयात अंगठ्याची पट्टी मोजून मिळावी आणि हाताचे व्यायाम शिकवणारा माणूस असावा. वेचणीचा हंगाम संपल्यावर गावोगाव हातांची तपासणी व्हावी.

आम्ही भीक मागत नाही. औजार झिजले तर घसारा धरतात. हात तर त्या औजाराचा धनी आहे. बैठकीला येताना घरातल्या बायांना सोबत आणा. या प्रश्नावर पहिला शब्द त्यांचा असेल.