मास्टचे बेअरिंग आणि चालकाचा शब्द

फोर्कलिफ्टचा अपघात झाला की चौकशीचा कागद बहुधा एकाच वाक्यावर येऊन थांबतो : चालकाने निष्काळजीपणा केला. भार उंच ठेवून वळला, वेगात वळला, फोर्क नीट घातले नाहीत. काही वेळा ते खरेही असते. परंतु त्या यंत्राच्या मास्टची अवस्था काय होती, त्यातली बेअरिंगे शेवटची कधी बदलली, बदलली ती कोणत्या नंबरची होती, आणि चालकाने आधी तक्रार केली होती काय, हे प्रश्न त्या कागदावर क्वचितच असतात. न्हावाशेवाचे कंटेनर यार्ड असो, भिवंडीची गोदामे असोत, कांडला-विशाखापट्टणमची बंदरे असोत की पीथमपूरचे कारखाने, फोर्कलिफ्टवर आपले बांधव सर्वत्र राबत आहेत. म्हणून या वेळी संपादकीयाची जागा आम्ही या बेअरिंगला देत आहोत.

मास्ट म्हणजे एकात एक सरकणाऱ्या पोलादी चॅनेलांच्या जोड्या. बाहेरची जोडी यंत्राला जोडलेली असते, आतली हायड्रॉलिक सिलिंडरच्या जोरावर वर जाते, आणि फोर्क जिच्यावर अडकवलेले असतात ती कॅरेज साखळ्यांनी ओढली जाऊन आतल्या चॅनेलमधून चढते. या सरकण्याच्या प्रत्येक ठिकाणी रोलर बेअरिंग असते. भार मास्टच्या पुढे असल्यामुळे तो कॅरेजला सतत पुढे ओणवी करू पाहतो. वरचे रोलर चॅनेलच्या पुढच्या कडेवर रेटले जातात, खालचे मागच्या. लहान व मध्यम फोर्कलिफ्टमध्ये भाराचा मध्य फोर्कच्या टाचेपासून ५०० मिलिमीटर पुढे धरतात. रोलरांच्या दोन ओळींतले अंतर त्याहून कमी असेल तर रोलरांवरचा दाब खुद्द भारापेक्षाही जास्त भरतो. तीन टनांचा माल रॅकवर चढवताना हा सगळा जोर बोटभर रुंदीच्या चार कड्यांनी पेललेला असतो.

हे बेअरिंग एकाएकी जात नाही, आधी बोलते. मास्ट वर जाताना झटके देतो, खाली येताना मध्येच अडकतो आणि मग धपकन उतरतो. ठराविक उंचीवर ‘टक्’ असा आवाज येतो. चॅनेलच्या आतल्या बाजूला चकचकीत ओरखडे दिसतात, तळाशी ग्रीसमध्ये मिसळलेला लोखंडाचा बारीक चुरा साठतो. रिकामी कॅरेज जमिनीपासून थोडीशी उचलून यंत्र बंद करावे आणि पहारीने डावी-उजवीकडे ढकलून पाहावी. खिळखिळेपणा दोन्ही बाजूंना सारखा नसेल तर मास्ट उघडण्याची वेळ आली आहे. फिरायचे थांबलेले बेअरिंग घासत जाते व त्याच्या कड्यावर सपाट खूण पडते. त्यानंतर झिजू लागतो तो चॅनेल, आणि चॅनेलची झीज बेअरिंग बदलून भरून येत नाही. दोन महिने दुर्लक्ष करून जे वाचवले असे साहेबांना वाटते ते तिथे कितीतरी पटींनी वसूल होते.

खरी मेख पुढे आहे. स्टोअरमध्ये माल नसला की मेंटेनन्सचा माणूस बाजारात पिटाळला जातो व ‘त्याच मापाचे’ बेअरिंग आणतो. माप म्हणजे त्याच्या लेखी आतले भोक. आता ६३०८ या सर्वपरिचित बॉल बेअरिंगचे भोक ४० मिलिमीटर (शेवटचे दोन अंक पाचाने गुणावेत, हे कोणताही जुना फिटर सांगेल), बाहेरचा व्यास ९०, रुंदी २३. ते ४० च्या पिनेवर बसेल यात शंका नाही. परंतु साधे बॉल बेअरिंग घरात बसवण्यासाठी बनते. त्याच्या बाहेरच्या कड्याला चारी बाजूंनी आधार लागतो. मास्टचे बेअरिंग उघड्यावर, थेट चॅनेलच्या पोलादावर धावते. म्हणून त्याचे बाहेरचे कडे मुद्दाम जाड केलेले असते आणि त्याची कड चॅनेलच्या कोपऱ्याला लागू नये अशी गोलवलेली असते. पातळ कड्याचे बेअरिंग तिथे घातले की ते तडकते, आणि तडकते ते भार वर असताना.

म्हणून ओळख पटवायची तर आधी कड्याच्या बाजूवर किंवा सीलवर कोरलेला नंबर पुसून वाचावा. तो झिजला असेल तर व्हर्नियरने आतले भोक, बाहेरचा व्यास, आतल्या व बाहेरच्या कड्याची रुंदी वेगवेगळी (ती पुष्कळदा सारखी नसते) आणि कडेचा आकार, सपाट की फुगीर, एवढे टिपावे. जुने बेअरिंग स्वतः झिजलेले असल्यामुळे बाहेरच्या व्यासाचे माप कमी येणार, हे विसरू नये. सोबत यंत्राच्या पाटीवरचे मॉडेल व सिरियल नंबर आणि शक्य तर मास्टचा नंबर द्यावा. काही उत्पादक झिजलेल्या चॅनेलसाठी किंचित मोठ्या व्यासाचेही रोलर देतात. ते घ्यायचे की नाही हे चॅनेल मोजूनच ठरते, डोळ्यांनी नव्हे.

बदलण्याचे काम अवघड नाही, पण घाईचे नाही. फोर्क जमिनीवर, चावी काढलेली, बॅटरीची यंत्रे असतील तर प्लग ओढलेला. कॅरेज किंवा आतला मास्ट वर ठेवूनच काम करायचे असेल तर खाली भक्कम लाकडी ठोकळे लावून वरून साखळदंडाने बांधून घ्यावे. हायड्रॉलिकवर तोललेल्या वजनाखाली किंवा चॅनेलच्या मध्ये हात घालणे म्हणजे हात देणे होय. सर्क्लिप काढून पुलरने जुने बेअरिंग ओढावे, हातोड्याने नव्हे. पिनेवरचे शिम कोणत्या बाजूला किती होते ते लिहून ठेवावे, कारण बाजूचा खेळ त्यांनीच बेतला जातो. एका बाजूचे नवे व दुसऱ्या बाजूचे जुने ठेवले तर कॅरेज तिरकी चालते, म्हणून जोडीनेच बदलावे. पिनेची झीज वेल्डिंगने भरण्याची युक्ती ज्याने काढली त्याने त्या यंत्रावर स्वतः बसून एक पाळी काढून दाखवावी. काम झाल्यावर साखळ्यांचा ताण सारखा करून प्रथम रिकामे, मग हलका भार घेऊन, शेवटी पूर्ण भाराने पाहावे.

यासाठी यंत्र काही तास, कधी पूर्ण दिवस उभे राहते. खरा झगडा त्या तासांचा आहे. तिसऱ्या पाळीत ट्रक रांगेत उभे असताना ‘मास्ट आवाज करतो’ असे सांगणारा चालक कामचुकार ठरतो. तो कंत्राटदाराचा असेल, आणि आज तो बहुतेक तसाच असतो, तर उद्या गेटवर त्याचे नाव नसते.

कायद्याचा आधार किती? कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ मध्ये उचल-यंत्रांची निदान बारा महिन्यांतून एकदा जाणकाराकडून तपासणी सक्तीची होती. व्याख्येत क्रेन, विंच, पुलीब्लॉक यांची नावे होती, फोर्कलिफ्टचे नव्हते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो अधिनियम जाऊन व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० लागू झाली. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा दहा कामगारांवरून वीसवर नेणाऱ्या या संहितेवरचे आमचे आक्षेप कायम आहेत. तथापि तिचे कलम १४ वापरण्याजोगे आहे. गंभीर इजेचा धोका समोर दिसत असेल तर कामगार तो थेट किंवा सुरक्षा समितीच्या सदस्यामार्फत मालकाच्या व त्याच वेळी निरीक्षकाच्याही नजरेस आणू शकतो. मालकाला धोका मान्य नसेल तर त्याने प्रकरण निरीक्षकाकडे पाठवायचे आहे. यंत्रावरून उतरण्याचा हक्क मात्र त्यात स्पष्ट शब्दांत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या करार क्र. १५५ चे कलम १३ अशा कामगाराला संरक्षण द्या म्हणते, आणि तो करार जून २०२२ मध्ये मूलभूत करारांत घेतला गेला. सुरक्षा समितीही सरकार आदेश काढील तिथेच. पंधरा माणसांच्या गोदामात ती कुठून येणार?

सबब हे करारातच मागून घेतले पाहिजे. चालकाने पाळीच्या सुरुवातीला नोंदवलेल्या दोषावर फोरमनची वेळेसह सही हवी, सही होईपर्यंत यंत्र उभे, आणि कंत्राटी चालकालाही तोच नियम. पुढच्या वाटाघाटीपूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या आवारातील फोर्कलिफ्टांचे नंबर, मास्ट शेवटचा उघडल्याची तारीख आणि बसवलेल्या बेअरिंगांचे नंबर एका वहीत उतरवावेत. तारीख सापडत नसेल तिथे ‘नोंद नाही’ असेच लिहावे आणि ती वही व्यवस्थापनासमोर टेबलावर ठेवावी.