‘संगणकाने ठरविले’ म्हणजे कोणी ठरविले?

महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या आपणा मंडळींच्या बोलण्यात अलीकडे एक नवे दैवत शिरले आहे. पूर्वी बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे आपण साहेबांस दोष देत असू, फार तर ग्रहांस. आता बदली असो, निवासस्थानाचा क्रम असो, ‘सिस्टीमने केले’ असे सांगण्यात येते आणि ऐकणारा मुकाट्याने मान डोलावितो. आमच्या एका अर्जास आलेले उत्तर आमच्यापाशी जपून ठेवलेले आहे. ‘बदली संगणकीय प्रणालीद्वारे झालेली असल्याने विनंतीचा विचार करता येत नाही,’ एवढे एकच वाक्य. (वर्तणूक-नियमांची जाण असल्यामुळे कार्यालयाचे नाव लिहीत नाही.) या वाक्यातील ‘असल्याने’ या शब्दाशी आमचे भांडण आहे.

ज्यांनी हे वाक्य लिहिले त्यांस या विषयाचे गणित ठाऊक नाही. आणि ते वाचून ‘यंत्राला कुठले आले हृदय!’ म्हणून उसासा टाकणाऱ्या आमच्या मित्रांसही ते ठाऊक नाही. निर्णय यंत्राच्या पोटात जन्मास येतो, असा दोघांचाही समज आहे. यंत्राच्या पोटात होतो तो केवळ हिशेब, असे आमचे म्हणणे आहे, आणि ते सिद्ध करणे मुळीच कठीण नाही.

वीस माणसे आणि वीस जागा घ्या. कोणास कोठे पाठवावे, याच्या एकंदर मांडण्या 24 या आकड्यापुढे 17 शून्ये द्यावीत इतक्या होतात. सेकंदास शंभर कोटी मांडण्या तपासणारे यंत्र बसविले तरी त्यास सुमारे 77 वर्षे लागतील. तोवर विसांपैकी एकही नोकरीत उरणार नाही. तेव्हा एकेक मांडणी तपासणे हा मार्गच नव्हे. मार्ग दाखविला तो 1955 साली हॅरॉल्ड कून या अमेरिकन गणितज्ञाने. केनिग व एगेर्वारी या दोन हंगेरियन गणितज्ञांच्या कल्पनांवर ती रीत आधारलेली असल्यामुळे त्याने तिचे नाव ‘हंगेरियन रीत’ असे ठेविले. एगेर्वारीचा 1931 सालचा लेख वाचण्यासाठी तो हंगेरियन भाषेचे व्याकरण आणि शब्दकोश घेऊन बसला होता. (ज्याचे ऋण त्याच्या नावे लिहिण्याची ही सवय आपल्याकडील टिपण्यांस लागती तर!)

या रीतीचे मर्म कोणाही कारकुनास समजेल असे आहे. एक कोष्टक आखावे. आडव्या ओळीत माणूस, उभ्या ओळीत जागा, आणि प्रत्येक घरात त्या माणसास त्या जागी पाठविण्याचा ‘खर्च’. एखाद्या माणसाच्या ओळीतील सर्व आकड्यांतून सारखीच रक्कम वजा केली, तर सर्व मांडण्यांच्या बेरजा सारख्याच उतरतात. सर्वांत स्वस्त मांडणी होती तीच राहते. उभ्या ओळींचेही तसेच. अशी वजाबाकी करीत गेल्यास कोष्टकात शून्ये उमटू लागतात, आणि प्रत्येक माणसास व प्रत्येक जागेस एकेक शून्य वाट्यास आले की काम संपले. नुसत्या वजाबाकीने शून्ये पुरेनाशी झाली तर पुढची एक युक्ती आहे, तिच्या तपशिलात येथे शिरत नाही. रीत अचूक आहे, निःपक्षपाती आहे. आमचा तिच्यावर काडीमात्र राग नाही.

पण घराघरांतले ते आकडे कोणी भरले? ‘खर्च’ म्हणजे काय? गावापासूनचे अंतर? प्रवासभत्त्याची रक्कम? मुलाची दहावी आणि आईचे आजारपण यांस आकडा आहे की नाही? आणि सर्वांत कमी करावयाचे ते काय? समजा, दोघांच्या बदल्या करावयाच्या आहेत. पहिल्या मांडणीत एक जण घरीच राहतो आणि दुसरा घरापासून 1,000 किलोमीटरवर जातो. दुसऱ्या मांडणीत दोघेही 600 किलोमीटरवर जातात. एकूण अंतर किमान करा म्हटले तर यंत्र पहिली मांडणी देईल, कारण 1,000 हे 1,200 हून कमी. ज्यास सर्वांत अधिक त्रास त्याचा त्रास किमान करा म्हटले तर तेच यंत्र दुसरी देईल. दोन्ही उत्तरे गणिताने शुद्ध. यांपैकी कोणता प्रश्न विचारावयाचा, हे गणित सांगत नाही. ते एखाद्या खोलीत, चहा पिता पिता, कोणी तरी ठरविलेले असते. त्या ‘कोणी तरी’चे नाव आम्हांस हवे आहे.

या शास्त्राच्या अध्वर्यूंस ही गोष्ट अनुभवाने ठाऊक होती. लिनियर प्रोग्रॅमिंगची सिम्प्लेक्स रीत जॉर्ज डँट्झिग याने 1947 साली काढली. तिची पहिली मोठी कसोटी म्हणून माणसाच्या स्वस्त पण पुरेशा आहाराचा प्रश्न घेण्यात आला: 77 पदार्थ, 9 पोषक घटक. तो सोडविला नऊ कारकुनांनी, हाताने चालविण्याच्या गणकयंत्रांवर, 120 मनुष्यदिवस खपून. 1939 च्या भावाने वर्षाचा खर्च 39.69 डॉलर निघाला. स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने 1945 साली अंदाजाने काढलेला आकडा 39.93 होता. त्या नऊ जणांविषयी आम्हांस साहजिकच बंधुभाव वाटतो. पुढे वजन उतरविण्याच्या इच्छेने डँट्झिगने स्वतःचाच आहार खऱ्या संगणकाकडून काढून घेतला. पोट भरल्यासारखे वाटावे म्हणून त्याने यंत्रास सांगितले की, अन्नाच्या वजनातून त्यातील पाणी वजा जाता जे उरते ते जास्तीत जास्त असावे. यंत्राने त्यास 500 गॅलन व्हिनेगर पिण्यास सांगितले. कोष्टकात व्हिनेगरमधील पाण्याचा अंश शून्य लिहिला होता! व्हिनेगर वगळले, तर उत्तर आले की मांसार्काच्या 200 वड्या रोज खाव्या. तेव्हा त्यांवर कमाल मर्यादा घालावी लागली. डँट्झिगने ते व्हिनेगर प्यायले नाही, आणि ‘उत्तर संगणकीय प्रणालीद्वारे आलेले असल्याने’ असेही लिहिले नाही. त्याने आपला प्रश्न दुरुस्त केला. आमच्या आस्थापना शाखा मात्र आम्हांस तो पिंपच्या पिंप व्हिनेगर पाजीत आहेत.

आणखी एक गोष्ट आहे, आणि तीच सत्ताधाऱ्यांस अधिक अडचणीची. हे गणित केवळ उत्तर देऊन थांबत नाही; प्रत्येक बंधनाची किंमतही सांगते. अमुक शहरात एक जागा अधिक असती तर एकूण खर्च कितीने उतरला असता, याचा आकडा त्याच हिशेबातून निघतो. रशियन गणितज्ञ कांतोरोविच याने लेनिनग्राडात 1939 साली, डँट्झिगच्याही आधी, हीच वाट शोधली होती. त्याच्या या किमती तेथील अधिकृत अर्थशास्त्रास रुचल्या नाहीत. 1942 मध्ये लिहिलेले त्याचे पुस्तक 1959 साली छापले गेले. नोबेल पारितोषिक मिळावयास 1975 साल उजाडले. नियम आमच्या हातात नाही, असे म्हणणाऱ्यास त्या नियमाची किंमत काढून दाखविता येते, हे त्या खटल्याचे मूळ होय.

‘एवढे सारे उघड करणे व्यवहारात शक्य नाही,’ असा आक्षेप आम्ही ऐकला आहे. तो घेणाऱ्यांच्याच घरात त्याचे उत्तर आहे. त्यांची मुले आयआयटी व एनआयटी यांच्या प्रवेशासाठी पसंतीक्रम भरीत असतात. 2015 पासून त्या सर्व जागांचे वाटप एकत्रित होते, आणि त्यामागची कल्पना गेल व शॅप्ली यांच्या 1962 सालच्या लेखातील आहे. गुण, पसंतीक्रम, आरक्षण, फेऱ्या, सर्व नियम आधी छापलेले असतात; जागा हुकलेल्या मुलास ती का हुकली, हे पडताळून पाहता येते. लक्षावधी मुलांसाठी जे साधते ते एका खात्यातील काही शे कारकुनांसाठी साधत नाही, हे आम्ही कसे मानावे?

शिवाय ही मागणी आम्ही आजच शोधून काढलेली नाही. 2005 च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे चौथे कलमच म्हणते की, प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींस द्यावीत. प्रणालीचे नाव हे कारण नव्हे. बदलीच्या प्रत्येक यादीसोबत तीन गोष्टी छापाव्या: काय किमान केले, कोणती बंधने घातली, आणि ती दोन्ही मंजूर करणाऱ्याची हुद्द्यासह सही. आमचा दुसरा अर्ज याच तीन बाबींसाठी आहे. ज्या वाचकांस तो हवा असेल त्यांनी वरील शब्द जसेच्या तसे उतरून घ्यावेत.