तळघरातल्या माइट्नरबाई

मैत्रिणींनो, शाळेच्या बक्षीस समारंभात मुलांना चरित्रं वाटतात, ती बहुतेक थोर पुरुषांची. परदेशातली असली तर एकच नक्की, 'एक होता कार्व्हर'. वीणा गवाणकर यांचं हे पुस्तक १९८१ साली आलं आणि आपल्या इस्लापूरसारख्या गावांतल्या घरांतही पोचलं. गवाणकर पेशानं ग्रंथपाल. कार्व्हर त्यांना भेटला तो औरंगाबादच्या कॉलेजच्या ग्रंथालयात, म्हणजे आपल्याच मराठवाड्यात.

कार्व्हर अमेरिकेतला. पण याच लेखिकेनं पुढं युरोपातल्या दोन शास्त्रज्ञ बायकांची चरित्रं लिहिली, लीझ माइट्नर आणि रोझलिंड फ्रँकलिन यांची. माझ्या मते आपल्या मुलींच्या हातात ती आधी पडायला हवीत.

माइट्नरबाई जन्मल्या १८७८ साली व्हिएन्नात. तिथं तेव्हा मुलींची शाळा चौदाव्या वर्षी संपायची. पुढं शिकायचं तर खासगी शिकवणी लावून परीक्षा द्यायची. बाईंनी ती दिली, १९०१ साली विद्यापीठात गेल्या, १९०६ साली पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवली. १९०७ साली बर्लिनला आल्या, तर तिथल्या रसायनसंस्थेत बायकांना मज्जाव! ओटो हान यांच्यासोबत काम करायची परवानगी मिळाली, पण तळघरातल्या सुतारकामाच्या जुन्या खोलीत. वरच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं नाही. पगार नाही. बायकांसाठी संडासही नाही, त्यासाठी जवळच्या हॉटेलात जायचं. हे काही वर्षं चाललं.

त्यांच्यावरचा नोबेलचा अन्याय सगळे सांगतात. मी मात्र या संडासापाशीच थबकले. नांदेडला परीक्षेला जाणारी पोर सकाळपासून पाणी पीत नाही, कारण स्टँडवर जायची सोय कशी असेल याची खात्री नसते. हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. बर्लिनच्या त्या बाईची आणि तिची ओळख करून द्यायला दुसरं काही सांगावं लागत नाही.

पुढचंही सांगते. ज्यू म्हणून १९३८ साली त्यांना जर्मनी सोडून पळावं लागलं. वय एकोणसाठ. त्याच हिवाळ्यात स्वीडनमध्ये, भाचा ओटो फ्रिश याच्यासोबत, हान यांच्या प्रयोगात युरेनियमचा अणुगर्भ दुभंगला आहे हे त्यांनी गणितानं उलगडलं. १९४४ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मात्र एकट्या हानना. रोझलिंड फ्रँकलिन तर ३७व्या वर्षी, १९५८ साली गेल्या. डीएनएची रचना उलगडायला त्यांच्या प्रयोगशाळेतलं क्ष-किरण छायाचित्र कामी आलं होतं, ते त्यांच्या नकळत दुसऱ्यांना दाखवलं गेलं. १९६२ साली नोबेल मिळालं तीन पुरुषांना.

आता चरित्र लिहिणारीचं काम बघा. इंग्रजीतली पुस्तकं वाचायची, पत्रं, तारखा जुळवायच्या, विज्ञान आपल्या सोप्या मराठीत आणायचं आणि रडगाणं होऊ द्यायचं नाही. आपल्याकडं चरित्र म्हटलं की हार घालायची सवय फार. माधुरी पुरंदरे यांनी पिकासोचं चरित्र लिहिलं. पिकासोसारख्या माणसाला नुसता हार कसा घालणार? चित्रं अफाट, पण त्याच्यासोबत राहिलेल्या बायकांनी फार सोसलं. दोघींनी त्याच्या मृत्यूनंतर आत्महत्या केली. चित्रही लपवायचं नाही आणि बाईही, असं लिहायला हिंमत लागते.

असली पुस्तकं गावच्या वाचनालयात कशी येतील? कुणी मागत नाही म्हणून मागवली जात नाहीत, आणि दिसत नाहीत म्हणून कुणी मागत नाही. तेव्हा एका चिठ्ठीवर लेखिकेचं नाव आणि माइट्नर, फ्रँकलिन ही दोन नावं लिहा आणि ग्रंथपालांच्या हातात द्या. शाळेत ओळख असेल तर बक्षिसांच्या खरेदीआधी मुख्याध्यापकांनाही द्या. पुस्तक आलं की मुलीच्या आधी आपण घरी न्यायला हरकत नाही.